चारशे वॅट

७ जानेवारी

ही गेली त्याला आज एकोणीस दिवस झाले.

कारखान्याच्या भांडारात तेवीस वर्षं काढली. पेटीत एक नट कमी भरला तर मला घास उतरत नाही. आणि माझ्याच घरातून अडीच तासांची वीज कुठे गेली, हे मला सांगता येत नाही.

नीट लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यात घोळ होणार नाही. १९ डिसेंबरला दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी वीज गेली. हिचं ऑक्सिजनचं मशीन बॅटरीवर आलं. बॅटरी साडेचार तास चालते, हे मी आधी तपासून ठेवलेलं होतं. त्या भरवशावर मी औषध आणायला बाहेर पडलो. खारू घरात होती. (मुलीचं हे नाव हिनंच ठेवलेलं, लहानपणी सारखं काहीतरी कुरतडत असायची म्हणून. आता एकोणीस वर्षांची आहे.) पावणेचारला परत आलो तेव्हा मशीन बंद होतं आणि सगळं आटोपलेलं होतं. किती तास चाललं त्याचा आकडा मशीनवर दिसतो. मी रोज एक वाजता तो लिहून ठेवायचो, म्हणून हे तरी कळलं. वीज गेल्यावर मशीन दोन तास चाललं. साडेचारच्या जागी दोन.

बॅटरीवाल्यानं फसवलं, दुसरं काय? हिची मोठी बहीणही तेच म्हणते. तिच्याच आग्रहावरून कंपनीकडे तक्रार केली. कंपनीनं महिनाअखेरपर्यंत लेखी तपशील मागितलाय. माझी बाजू खरी ठरली तर त्याची एजन्सी जाईल. जाऊ दे.

कारखान्यातल्या वायरमनकडून मोजायचं यंत्र आणलंय. मुठीएवढं आहे. भिंतीच्या सॉकेटला ते लावायचं आणि त्यात आपली वस्तू. किती वॅट खाते ते लगेच पडद्यावर दिसतं. घरातली एकही वस्तू सोडणार नाही.

८ जानेवारी

बॅटरीवाला स्वतःच आला. चपला बाहेर काढून दारातच उभा राहिला. मी बस म्हटलं नाही.

"काका, बॅटरी घेऊन जातो, तुमच्यासमोर तपासतो. खराब निघाली तर मी स्वतः लिहून देतो."

"बॅटरी इथून हलणार नाही."

"मग तुम्ही तपासा. फक्त एक विचारतो. मशीनशिवाय दुसरं काही लावलेलं होतं का?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "या घरात लाल पट्टी चिकटवलेले दोन सॉकेट आहेत, तेवढेच बॅटरीवर चालतात. एकात मशीन आणि दुसरं रिकामं. त्या दुसऱ्याला हात लावायची माझ्या घरात कोणाची छाती नाही."

तो मान खाली घालून गेला. खारू स्वयंपाकघरात होती. तिच्या हातून भांडं पडलं. आवाज चढवला की पोरगी दचकते. आईसारखीच.

११ जानेवारी

रविवार. दिवसभर मोजमाप. मी आकडा सांगायचा आणि खारूनं लिहायचा. टीव्ही साठ. बाहेरच्या खोलीतला पंखा बहात्तर. फ्रिज चालू झाला की एकशे दहा, मग गप्प. इस्त्रीनं एकदम हजाराचा आकडा दाखवला. मी म्हटलं, "ही तर घरातली सगळ्यात खादाड." हिच्या वेळचा विनोद होता तो; जेवायला बसलो की ती मला म्हणायची. खारू हसली नाही. मिक्सर साडेचारशे, पण मिक्सर कोण दोन तास फिरवतं?

हे सगळं साध्या सॉकेटवरचं, बॅटरीशी त्याचा संबंध नाही. पण यादी म्हणजे यादी.

संध्याकाळी खारू म्हणाली, "बाबा, हे मोजून काय होणार?"

"कळेल."

"कळून काय होणार?"

म्हटलं, तुझ्या आईला न्याय मिळेल. तिनं वही मिटली आणि पेनाचं टोपण कितीतरी वेळ लावत बसली.

थंडी कडाक्याची आहे. पोरगी दोन स्वेटर आणि वर हिची शाल गुंडाळून अभ्यासाला बसते, आणि खिडकी उघडी ठेवते. ओठ निळे पडलेले. खिडकी लाव म्हटलं तर म्हणते, "मला नाही वाजत थंडी." आईला सतत थंडी वाजायची, आणि पोरीला वाजतच नाही. कोणावर गेली कोण जाणे.

१४ जानेवारी

आज खरी चाचणी केली. सुट्टी टाकली. बॅटरी रात्रभर पूर्ण भरून घेतली होती. एक वाजून दहा मिनिटांनी मेन स्विच पाडला आणि हिच्या खोलीत मशीन सुरू केलं.

ही गेल्यापासून मी त्या खोलीत फारसा जात नाही, बाहेरच झोपतो. आज जावंच लागलं. सगळं तंतोतंत व्हावं म्हणून नळीसुद्धा नेहमीसारखी उशीवर ठेवली. मशीनचा तो आवाज सुरू झाला. आधी लांब घरघर, मग फस्स, पुन्हा घरघर. नळीतून हवा यायची तेव्हा उशीच्या अभ्र्याची झालर हलायची. उशीला खोलगा तसाच आहे. मी खुर्चीवर घड्याळ घेऊन बसलो होतो. दोनदा माझ्या तोंडून "पाणी देऊ का?" निघालं. दुसऱ्यांदा तर मी उठून पेलाही भरला.

दोन तास उलटले तरी मशीन चालूच. तीन वाजून दहा मिनिटं, मग अकरा, मग बारा. त्या मिनिटाला मशीन थांबायला हवं होतं आणि ते थांबत नव्हतं.  त्या दिवशी असंच चाललं असतं तर मी आलो तेव्हा ती बसलेली असती. मला खरंच वाटलं की पावणेचारला दार वाजेल आणि मीच आत येईन.

चारला दार वाजलं. खारू. कॉलेजातून आली होती. आवाज तिला जिन्यातच ऐकू आला असणार. खोलीच्या दारात उभी राहिली ती पांढरीफटक.

"बंद करा."

"अजून संपलेली नाही. आता बंद केलं तर सगळं फुकट जाईल."

"बाबा, बंद करा ते!"

मी बंद केलं नाही. ती बाहेर जिन्यात जाऊन बसली, कानांवर हात ठेवून. पाच वाजून चाळीस मिनिटांनी मशीन थांबलं. बरोबर साडेचार तास.

थांबलं तेव्हा शिट्टी वाजली नाही. वीज संपली की ते मशीन शिट्टी मारतं. पण आमच्याकडे सारखी वीज जायची आणि ही दर वेळी दचकायची, म्हणून ऑक्टोबरात मीच वायरमनकडून शिट्टीची तार तोडून घेतली होती. त्याचा इथे काही संबंध नाही. नोंद म्हणून लिहिलं.

बॅटरी चांगली आहे. 

१५ जानेवारी

आकडेमोड केली. मशीन तीनशे दहा वॅट खातं. तेवढ्यावर बॅटरी साडेचार तास चालते. दोन तासांत संपायची तर आणखी साधारण चारशे वॅटचं काहीतरी तिच्यावर असणार. एवढी मोठी वस्तू, तीही लाल सॉकेटला. घरात खारू आणि ही. ही तर उठूही शकत नव्हती.

भिंतीतून गळती होत असेल का? शेजारच्यांनी तार जोडून घेतली असेल? उद्या भिंत तपासतो.

खारूला सांगितलं, "चारशे वॅट शोधायचेत." ती म्हणाली, "बरं." जेवली नाही.

१८ जानेवारी

भिंतीत काही नाही. शेजारच्या घराला सहा महिने कुलूप आहे.

हिच्या बहिणीचा फोन. "कागद पाठवलात का? त्या माणसाला सोडू नका. माझी बहीण अशी कशी जाते?" बॅटरी चांगली निघाली, हे मला तिला सांगता आलं नाही. नुसतं "हो ताई, हो ताई" केलं.

घरात तो आवाज येतो. मशीन बंद आहे, प्लग काढलेला आहे, मी तीनदा जाऊन पाहिलं. नळावरून पाणी भरताना येतो, दाढी करताना येतो. आधी लांब घरघर, मग फस्स. खारूला विचारलं, "तुला ऐकू येतं का?" म्हणाली, "नेहमीच." आणि दात घासायला गेली.

१९ जानेवारी

वस्तूंच्या वॉरंटीची कार्डं मी एका फाइलीत ठेवतो. आज ती यादीशी पडताळली. कार्डं चौदा, वस्तू तेरा. एक नग कमी. दोन दांड्यांचा हीटर, गेल्या वर्षी हिच्या खोलीसाठी घेतलेला.

"खारू, हीटर कुठाय?"

"दिला."

"कुणाला?"

"जिना झाडायला येतात त्या मावशींना. त्यांच्या सुनेला बाळ झालंय."

"मला न विचारता?"

 रागावणार होतो, पण मग वाटलं, चांगलंच केलं. मन आईचं घेतलंय. उद्या तासाभरासाठी मागून आणतो, यादी पुरी होईल.

२० जानेवारी

जिना झाडणाऱ्या बाई तळघराच्या खोलीत राहतात. हीटर लगेच काढून दिला. म्हणाल्या, "एकच दांडी पेटते, दुसरी फुटकीच होती. पण खोली मस्त तापते. खारूताईनं, वहिनी गेल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी आणून दिला हो. मी म्हटलं, अगं, आज कशाला, घरात काय झालंय... तर म्हणाली, आत्ताच घ्या."

घरी येऊन यंत्राला लावला. एक दांडी.

तीनशे शहाण्णव.

२३ जानेवारी

तीन दिवस लिहिलं नाही. बोललोही नाही. हीटर परत दिला, बाळ आहे त्यांच्याकडे.

या वहीशी तरी खरं बोलायचं असेल तर हे लिहायला हवं की २० तारखेची पूर्ण संध्याकाळ मी माझ्या मुलीचा द्वेष केला. ती भाजी चिरत होती. मी तिच्या पाठीकडे बघत होतो आणि मनात एकच वाक्य होतं, तू मारलंस. ती वळली आणि म्हणाली, "मीठ कमी घालू का, बाबा? तुमचं ब्लडप्रेशर." मी उठून बाहेर गेलो. पाय नेतील तिकडे चालत राहिलो आणि शिंप्याच्या दुकानापाशी थांबलो.

आता दुसरं लिहितो. या वहीच्या पहिल्या पानावर मी खोटं लिहिलंय. त्या दिवशी औषध आणायला गेलो नव्हतो. मी शिंप्याच्या दुकानात पत्ते खेळत होतो. हिच्यासाठी चार महिने रजेवर होतो, घराबाहेर पडलो नव्हतो, शिंपी म्हणाला ये तासभर, आणि मी हिच्याशी खोटं बोलून गेलो. साडेतीनला फोन वाजला. खिशातून काढून पाहिला, खारूचा होता. हातात डाव होता. एवढा चांगला डाव बऱ्याच दिवसांनी आला होता. वाटलं, वीज आली हे सांगायला करत असेल. पुन्हा वाजला. पुन्हा. तिसऱ्यानंतर वाजला नाही.

सगळ्यांना सांगितलं, रस्त्यात गोंगाट होता, ऐकू आला नाही. दोन आठवडे मी भिंतीतले वॅट शोधतोय. कोणी मला विचारू नये म्हणून तर नाही ना?

२४ जानेवारी

आज बोललो. दुपारी, जेवणं झाल्यावर. ती ताटं उचलत होती.

म्हटलं, "खाली बस. त्या दिवशी मी औषधाच्या दुकानात नव्हतो."

"माहीत आहे."

"कसं?"

"औषध घरात होतं. दोन पाकिटं."

महिनाभर ती हे जाणून होती आणि एका शब्दानं बोलली नव्हती.

"फोन वाजला होता का?" तिनं विचारलं.

"तीनदा."

"मला वाटलं, रेंज नसेल."

"रेंज होती. हातात डाव होता."

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेसाठी माझ्याकडे शब्द नाही. मग ताट खाली ठेवलं आणि बोलायला लागली, एका दमात, जणू महिनाभर पाठ करून ठेवलेलं.

"आईचे पाय बर्फासारखे झाले होते. वीज जाऊन हीटर बंद पडला होता ना. ती म्हणाली, त्या लाल सॉकेटला लाव. मी म्हटलं, नको, बाबांनी सांगितलंय. तर म्हणाली, थोडा वेळच लाव गं, ते यायच्या आत काढून टाकू, नाहीतर ओरडतील. मी लावला. मग म्हणाली, तूही ये, गारठलीयस. मी तिच्या पांघरुणात शिरले. ती माझ्या केसांतून हात फिरवत होती. मी परीक्षेसाठी जागरण केलं होतं, बाबा. मला झोप लागली. जाग आली ती थंडीनं. आईचा हात माझ्या डोक्यावरच होता."

पुढचं तिला बोलता येईना. मलाही ऐकवेना.

किती वेळ बसलो होतो ते पाहिलं नाही. मग तिला सांगितलं की शिट्टीची तार मी तोडून घेतली होती. शिट्टी वाजली असती तर तुला जाग आली असती. ती म्हणाली, "हो." खोटं सांत्वन तिनंही केलं नाही आणि मीही नाही.

"नाहीतर ओरडतील." माझ्याबद्दल हिनं काढलेले हे शेवटचे शब्द. घरात माझा धाक होता. मला वाटायचं, शिस्त आहे.

२७ जानेवारी

बॅटरीवाल्याच्या दुकानात गेलो. गिऱ्हाइकं होती. ती जाईपर्यंत थांबावं असं वाटलं, पण तक्रार चारचौघांत केली होती, तर माफीही चारचौघांतच मागायला हवी. म्हटलं, "बॅटरीत काही दोष नव्हता. माझी चूक झाली. कंपनीला तसं लिहून दिलंय, ही त्याची प्रत."

त्यानं कागद वाचला, घडी घातली. मला बसायला खुर्ची दिली.

"मग कशानं संपली, काका?"

"आमच्याकडून जास्त भार पडला."

 तो हळूच म्हणाला, "घरात आणखी कोण असतं?"

"मुलगी."

"तिला सांगा, बॅटरी जुनी होती."

"जुनी नव्हती."

"अहो, मला माहीत आहे ना. पण तिला तसंच सांगा. माझं नाव घ्या हवं तर."

ज्याची भाकरी मी हिसकावायला निघालो होतो, तो माणूस हे म्हणत होता. मी म्हटलं, "तिला आधीपासून माहीत आहे." त्यानं चहा मागवला. चहा येईपर्यंत आम्ही दोघंही रस्त्याकडे बघत बसलो.

२ फेब्रुवारी

हिची बहीण आली, न कळवता. तक्रार मागे घेतल्याचं तिला कंपनीकडून कळलं होतं. सहा तासांचा प्रवास करून आली आणि पिशवीही खाली ठेवली नाही.

"काय घेतलंत त्याच्याकडून?"

"ताई, बसा तरी."

"बसायला नाही आले. माझी बहीण गुदमरून गेली आणि तुम्ही लिहून देता की दोष नव्हता? मग दोष कुणाचा?"

मी ठरवून ठेवलं होतं. म्हटलं, "माझा. मी घरात नव्हतो. पत्ते खेळत होतो. फोन वाजला तो घेतला नाही. शिट्टीची तार मी काढली होती." यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. एवढ्यावर भागेल असं वाटलं.

 मला बोलायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात खारू दारातून पुढे आली.

"मावशी, हीटर मी लावला होता. त्यानं बॅटरी संपली."

"खारू, आत जा," मी म्हणालो.

"नाही जाणार." आणि तिनं सगळं सांगितलं. बर्फासारखे पाय, लाल सॉकेट, पांघरूण, झोप. काही वगळलं नाही, काही जोडलं नाही. आवाज एकदाच फाटला. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. तेवढंच मला सुचलं.

मावशी पिशवी धरून तशीच उभी. आता ही पोरीवर तुटून पडेल, अशी भीती मला वाटली आणि मी एक पाऊल पुढे झालो.  पण भलत्याच आवाजात, जणू लहान बहिणीची खबर विचारावी तसं, तिनं विचारलं,

"तिला ऊब मिळाली का?"

खारूला आधी कळलंच नाही.

"लहानपणापासून तिचे पाय गार पडायचे. माझ्या पायांवर टेकवायची, मी लाथा मारायची. त्या दिवशी गरम झाले होते का?"

"हो," खारू म्हणाली. "मी हात लावून बघितले. आई म्हणाली, आता बरं वाटतंय."

मावशीनं पिशवी खाली ठेवली. खुर्चीवर बसली आणि पदरानं तोंड झाकून रडली. खारू तिच्याजवळ गेली नाही, तिनंही बोलावलं नाही. मला वाटलं, हे दोघींमध्ये असंच राहणार.

संध्याकाळच्या गाडीनंच ती परत निघाली. थांबा म्हटलं, थांबली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जिन्यात दोन पायऱ्या उतरली, थांबली, आणि मागे न वळता म्हणाली,

"खारू, चप्पल घाल. गाडीपर्यंत ये माझ्याबरोबर. आणि स्वेटर घाल, गारठा आहे."

मी खिडकीतून पाहत होतो. रस्ता संपेपर्यंत दोघी एकमेकींशी बोलताना दिसल्या नाहीत. वळणावर मात्र मावशीनं जड पिशवीचा एक बंद खारूच्या हातात दिला.